बीज, क्षेत्र आणि काळ : मानवी जननपेशींची घडण

पुरुष हा बीज देणारा आणि स्त्री हे ते बीज रुजवून घेणारे क्षेत्र, ही समजूत भारतीय धर्मशास्त्रात आणि शेतीवर जगणाऱ्या समाजाच्या रोजच्या बोलण्यात इतकी खोल गेलेली आहे, की ती एक समजूत आहे हे लक्षात येणेही पुष्कळदा अवघड जाते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज श्रेष्ठ की क्षेत्र श्रेष्ठ याचा विचार आलेला असून त्याचा कौल मुख्यतः बीजाच्या बाजूने पडतो. आयुर्वेदाची दृष्टी याहून उदार होती. शुक्र आणि आर्तव या दोहोंच्या संयोगातून गर्भ उत्पन्न होतो आणि शरीरातील काही भाग मातेकडून तर काही पित्याकडून येतात, असे चरक-सुश्रुतांनी मानले. तथापि आर्तव म्हणजे मासिक पाळीचे दिसणारे रक्त, आणि ज्या सूक्ष्म पेशीतून स्त्रीचा वाटा खरोखर येतो ती पेशी भिंगाशिवाय कोणाच्या हाती लागणे शक्य नव्हते. आज शाळेच्या पुस्तकांतून सर्वांच्या ओळखीचा झालेला ‘स्त्रीबीज’ हा शब्द त्या जुन्या वादाचा निकाल एका समासात देऊन टाकतो : बीज स्त्रीचेही असते. ही दोन्ही बीजे, म्हणजे पुरुषाचा शुक्राणू आणि स्त्रीचे स्त्रीबीज, एकाच प्रकारच्या विभाजनातून घडतात, परंतु त्यांच्या घडणीची कालगणना अगदी भिन्न असते. आणि संततीच्या बाबतीत स्त्रीच्या माथी मारले गेलेले दोष काय किंवा पुरुषाच्या मनात वीर्याविषयी बसलेले भय काय, दोन्ही या घडणीच्या अज्ञानावर पोसले गेले आहेत, हे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

शुक्राणू आधी सापडला आणि स्त्रीबीज दीडशे वर्षांनी, या क्रमाचाही विचारांवर परिणाम झाला. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने १६७७ साली स्वतः घासलेल्या भिंगाखाली वीर्यातील वळवळणारे जीव पाहिले, आणि १६९४ साली निकोलास हार्टसूकर याने शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला चिमुकला माणूस असावा, असे कल्पनाचित्र छापले. बीज-क्षेत्राची समजूत केवळ भारताची नव्हती, हे या चित्रावरून ध्यानात येते. सस्तन प्राण्यांचे स्त्रीबीज १८२७ साली कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर याने कुत्रीच्या बीजांडकोशात प्रथम ओळखले. वास्तविक मानवी स्त्रीबीज ही शरीरातील सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक असून तिचा व्यास सुमारे ०.१ मिलिमीटर, म्हणजे तीक्ष्ण नजरेला ठिपक्याएवढी दिसावी इतका असतो. परंतु ती उदरपोकळीत खोल, आणि बहुधा महिन्याला एकच, अशी परिपक्व होते, तर शुक्राणू कोट्यवधींच्या संख्येने बाहेर पडतात. जे सहज दिसले त्याला महत्त्व आले. पुढे १८७६ साली ऑस्कर हर्टविग याने समुद्री अर्चिनच्या पारदर्शक अंड्यात शुक्राणूचे केंद्रक आणि अंड्याचे केंद्रक एकमेकांत मिसळताना पाहिले, तेव्हा दोन्ही बाजूंचा वाटा प्रत्यक्ष सिद्ध झाला.

हा वाटा निम्मा-निम्मा का असावा लागतो, हे समजण्यासाठी कोल्हापूरकरांना पंचगंगेच्या काठापलीकडे जावे लागत नाही. ऊस लावताना शेतकरी बी पेरत नाही. तो बेणे लावतो, म्हणजे आधीच्याच उसाची एक-दोन डोळ्यांची टिपरी सरीत दाबतो, आणि तिच्यातून उगवणारा ऊस जनुकांच्या दृष्टीने आईउसाची नक्कलच असतो. म्हणूनच को ८६०३२ ही जात वर्षानुवर्षे शिवारभर तशीच राहू शकते. डोळ्यातून कोंब फुटताना पेशींचे जे विभाजन होते त्यात प्रत्येक नव्या पेशीला गुणसूत्रांचा, म्हणजे आनुवंशिक द्रव्य वाहून नेणाऱ्या सूक्ष्म धाग्यांचा, पूर्ण संच मिळतो. यालाच समसूत्री विभाजन म्हणतात. परंतु नवी जात काढायची असेल तर शेतकऱ्याला नकोसा वाटणारा तुराच संशोधकाला हवा असतो, कारण तुऱ्यातील फुलांमध्ये दोन वेगळ्या वाणांचा संकर घडवता येतो, आणि त्यासाठी कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेसारखे केंद्र लागते. फुलात जे घडते तेच माणसाच्या वृषणात आणि बीजांडकोशात घडते. मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या असतात. दोन पूर्ण संच एकत्र आले तर दर पिढीला संख्या दुप्पट होत जाईल, म्हणून जननपेशी तयार होताना हा संच अर्ध्यावर यावा लागतो. असे विभाजन ते अर्धसूत्री विभाजन.

अर्धसूत्री विभाजनात गुणसूत्रांची एकदाच नक्कल होते, पण पेशी लागोपाठ दोनदा विभागते. पहिल्या विभाजनाच्या आरंभी आईकडून आलेले आणि बापाकडून आलेले जोडीदार गुणसूत्र एकमेकांना चिकटून बसतात आणि आपापले तुकडे अदलाबदल करतात. नंतर जोडीतील एक इकडे व दुसरे तिकडे जाते, आणि कोणत्या जोडीतील कोणते कुठे जाईल हे दर वेळी नव्याने ठरते. तुकड्यांची अदलाबदल हिशेबात धरली नाही तरी २३ जोड्यांच्या वाटणीचे ८३,८८,६०८ प्रकार होतात. हा आकडा संतवाङ्मयातून मराठी कानांना सवयीच्या झालेल्या चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या अगदी जवळ यावा हा निव्वळ योगायोग होय, पण एकाच घरातील दोन भावंडे एकमेकांसारखी असूनही एकसारखी का नसतात, हे सांगण्यास त्याहून चांगला आकडा शोधूनही सापडणार नाही.

या पेशींचा प्रवास मात्र वृषणात किंवा बीजांडकोशात सुरू होत नाही. गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो, त्याला ना हात असतात ना पाय, तेव्हा पुढील पिढीसाठी राखून ठेवलेल्या मोजक्या पेशी गर्भाच्या शरीराबाहेर, पीतकोशाच्या भिंतीत दिसू लागतात. त्यांना आद्य जननपेशी म्हणतात. तेथून त्या अमिबासारख्या सरकत, होणाऱ्या आतड्याच्या भिंतीतून वाट काढत, पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास पाठीच्या बाजूला असलेल्या दोन उंचवट्यांपाशी पोहोचतात. या उंचवट्यांतून वृषण घडणार की बीजांडकोश, हे तोवर दिसण्यासारखे नसते. गर्भात ‘वाय’ गुणसूत्र असेल आणि त्यावरील १९९० साली ओळखला गेलेला ‘एसआरवाय’ हा जनुक सहाव्या-सातव्या आठवड्यात जागा झाला, तर उंचवट्याचे वृषण होतात. एरवी तेथे बीजांडकोश घडतात. स्थलांतर करून आलेल्या पेशी मात्र दोन्हीकडे सारख्याच असतात, आणि पुढचे त्यांचे भवितव्य त्यांना जे घर मिळाले त्यावर अवलंबून राहते. दोन कालगणना येथून वेगळ्या होतात.

स्त्रीगर्भात या पेशींची घाई विलक्षण असते. त्या भराभर वाढत जातात आणि गर्भाच्या पाचव्या महिन्याच्या सुमारास त्यांची संख्या ६० ते ७० लाखांवर पोहोचते. त्यानंतर आयुष्यात ती पुन्हा कधी वाढत नाही. वाढ चालू असतानाच, सुमारे अकराव्या-बाराव्या आठवड्यापासून, त्यांतील काही पेशी अर्धसूत्री विभाजनात शिरतात, जोडीदार गुणसूत्रे चिकटतात, तुकड्यांची अदलाबदल होते, आणि मग विभाजन मध्येच थांबते. हा विराम काही तासांचा किंवा दिवसांचा नसतो. तो किमान १२-१३ वर्षांचा आणि काही पेशींच्या बाबतीत ४५-५० वर्षांचा असतो. शरीरातील अन्य कोणत्याही पेशीला अर्धवट टाकलेले काम इतका काळ तसेच धरून ठेवावे लागत नाही. दरम्यान गळती अखंड चालू राहते : जन्माच्या वेळी १० ते २० लाख पेशी उरतात, वयात येताना ३ ते ४ लाख, आणि त्यांतून उभ्या आयुष्यात ४०० ते ५०० स्त्रीबीजेच परिपक्व होऊन बाहेर पडतात. गर्भनिरोधक गोळ्यांनी बीजे ‘वाचतात’ किंवा बाळंतपणांनी ती ‘संपतात’ असे जे समजले जाते त्यात तथ्य नाही, कारण बीज बाहेर पडो वा न पडो, गळती आपल्या गतीने होतच असते.

या गणिताचा एक अर्थ असा, की कोणत्याही माणसाचा निम्मा आरंभ ज्या पेशीतून झाला ती पेशी त्याची आई आजीच्या पोटात असतानाच तयार झालेली होती. मराठी घरात आजोळ हा शब्द मायेने उच्चारला जातो. पेशीविज्ञानाने त्या मायेला एक शारीर पुरावा दिला आहे. त्याचबरोबर, गर्भवतीला नीट अन्न मिळणे हा प्रश्न एका नव्हे तर दोन पिढ्यांचा असतो, हेही यातून आपोआप निघते.

वयात आल्यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून दोन संप्रेरके, म्हणजे रक्तावाटे निरोप नेणारी द्रव्ये, स्रवू लागतात. त्यांतील पुटिका ग्रंथी संप्रेरकामुळे दर महिन्याला काही पुटिका, म्हणजे स्त्रीबीजाला वेढून असलेल्या पेशींच्या पिशव्या, वाढू लागतात. त्यांतील बहुधा एक पुढे निघते आणि बाकीच्या विरून जातात. पुढे निघालेली पुटिका सुमारे २० मिलिमीटर व्यासाची झाली की दुसऱ्या, पीतपिंडकारी संप्रेरकाची लाट येते, आणि त्या लाटेने थांबलेले विभाजन अखेर पुन्हा सुरू होते. येथे निसर्ग समान वाटणी करीत नाही. एका भागाला जवळजवळ सारा पेशीद्रव आणि लाखांच्या घरातील तंतुकणिका, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारी केंद्रे, मिळतात, तर दुसऱ्याच्या वाट्याला गुणसूत्रांपलीकडे फारसे काही येत नाही. हा दुसरा भाग ध्रुवपिंड म्हणून बाजूला पडतो व नष्ट होतो. लाट सुरू झाल्यावर सुमारे ३६ तासांनी स्त्रीबीज बाहेर पडते, पण दुसरे विभाजन तरीही पुरे झालेले नसते. ते शुक्राणू आत शिरल्यावरच पुरे होते. याचा अर्थ, काटेकोर भाषेत सांगायचे तर पूर्ण झालेले स्त्रीबीज एकटे असे कधी अस्तित्वातच नसते.

ही ३६ तासांची वेळ अचूक साधणे हा प्रयोगशाळेतील गर्भधारणेचा कणा आहे. इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून अशी बालके जन्मली. मुखोपाध्याय यांच्या कामाची त्या वेळी अवहेलना झाली आणि त्यांना हयातीत न्याय मिळाला नाही, ही भारतीय विज्ञानाच्या इतिहासातील वेदनादायक घटना होय. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी, परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेतील डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या सहकार्याने केलेल्या कामातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी एका मुलीचा जन्म झाला, आणि शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेले भारतातील पहिले यश म्हणून तो मानला गेला. महानगरपालिकेच्या रुग्णालयात हे घडले, याचे मोल अधिक आहे.

दीर्घ विरामाची किंमतही असते. गुणसूत्रांच्या जोड्या एकत्र धरून ठेवणारी प्रथिने वर्षांगणिक झिजतात, त्यामुळे वाटणी करताना एखादे गुणसूत्र चुकून जास्तीचे जाण्याचा संभव वाढतो. २१ क्रमांकाचे गुणसूत्र असे जास्तीचे आल्यास डाउन संलक्षण उद्भवते. आईचे वय २५ असताना हा संभव सुमारे १,२५० जन्मांत एक, तर ४० व्या वर्षी सुमारे १०० त एक इतका असतो. पुरुषाचे वयही निरुपद्रवी नसते, पण तेथे कारण उलट आहे : थांबून राहण्याने नव्हे, तर न थांबता नकला करीत राहण्याने तेथे चुका साचतात, आणि आइसलँडमधील, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पित्याच्या वयाच्या दर वर्षामागे अपत्यात सुमारे दोन नवे जनुकीय बदल वाढतात.

पुरुषगर्भात आद्य जननपेशी वृषणात पोहोचल्यावर निद्रिस्त होतात. वयात येईपर्यंत तेथे अर्धसूत्री विभाजन होत नाही. त्यानंतर मात्र वृषणातील शेकडो मीटर लांबीच्या गुंडाळलेल्या रेतोत्पादक नलिकांच्या भिंतींत काम सुरू होते, ते म्हातारपणापर्यंत चालते. नलिकेच्या बाहेरच्या कडेला असलेली मूळ पेशी विभागताना एक पेशी मूळ साठ्यात ठेवते आणि दुसरी पुढे पाठवते. बेणे राखून मग ऊस गाळपाला धाडणाऱ्या शहाण्या शेतकऱ्यासारखीच ही व्यवस्था असल्याने साठा सहसा संपत नाही. पुढे गेलेल्या पेशीचे अर्धसूत्री विभाजन होऊन एकीच्या चार समान पेशी होतात. या गोल पेशींचे रूपांतर होताना केंद्रकातील आनुवंशिक द्रव्य घट्ट बांधले जाते, डोक्यावर स्त्रीबीजाचे कवच विरघळवणाऱ्या विकरांची टोपी चढते, मानेजवळ तंतुकणिकांचा वेढा बसतो, शेपूट फुटते आणि उरलेला पेशीद्रव टाकून दिला जातो. हे सारे सर्टोली पेशींच्या कुशीत घडते. १८६५ साली एन्रिको सर्टोली याने वर्णिलेल्या या पेशी वाढत्या शुक्राणूंना पोसतात आणि त्यांना रक्तापासून वेगळेही ठेवतात. संपूर्ण घडणीला ६४ ते ७४ दिवस लागतात, आणि त्यानंतर सुमारे सहा मीटर लांबीच्या, वेटोळे घातलेल्या अधिवृषण नलिकेतून जाताना आणखी सुमारे दोन आठवडे, ज्या काळात शुक्राणू पोहण्यायोग्य होतो. म्हणजेच आज तपासलेल्या नमुन्यात तीन महिन्यांपूर्वीच्या तापाचा किंवा औषधाचा परिणाम दिसत असतो, आणि एका अहवालावरून पुरुषाच्या माथी कायमचा शिक्का मारणे शास्त्राला धरून होत नाही.

शुक्राणू घडण्यास शरीराच्या तापमानापेक्षा २ ते ४ अंश सेल्सिअस कमी तापमान लागते. वृषण शरीराबाहेर पिशवीत लोंबतात ते यासाठीच. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत भट्टीसमोर, किंवा गुऱ्हाळाच्या चुलवणापुढे दिवस काढणाऱ्या माणसांच्या आरोग्याचा विचार करताना हा मुद्दा डॉक्टरांनी आणि कारखानदारांनी लक्षात घेणे आवश्यक आहे.

तालमींच्या कोल्हापूर शहरात वीर्याविषयी जी भीती जोपासली गेली तिचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. वीर्याचा थेंब रक्ताच्या अनेक थेंबांपासून बनतो आणि तो राखला नाही तर ताकद जाते, असे आखाड्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. संयम, वेळेवर झोप आणि खुराक यांची जी शिस्त त्या उपदेशासोबत आली तिचा आदरच केला पाहिजे. तथापि शुक्राणू दररोज कोट्यवधींनी नव्याने बनतात, बाहेर न पडलेले शरीरातच विरून शोषले जातात, आणि त्यांच्या बाहेर पडण्याने स्नायूंची शक्ती घटत नाही. खरा धोका आज दुसरीकडून आला आहे. लवकर अंग भरावे म्हणून तरुण मुले टेस्टोस्टेरॉनसारखी द्रव्ये बाहेरून टोचून घेतात, तेव्हा पियुषिका ग्रंथीला पुरवठा झाल्याचा निरोप मिळून ती आपली संप्रेरके थांबवते, वृषणातील स्वतःचे उत्पादन कोसळते, आणि शुक्राणूंची संख्या शून्यापर्यंत उतरू शकते. पौरुष वाढवण्यासाठी घेतलेल्या औषधाने पितृत्वच हिरावले जावे, आणि ते पुष्कळांना लग्नानंतर कळावे, ही शोचनीय गोष्ट आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण एकटे किंवा इतर कारणांसोबत आढळते, तरी तपासणी आणि टोमणे यांची सुरुवात सुनेपासूनच होते. असे विषय मराठीत उघडपणे मांडण्यासाठी र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. त्या धाडसाचे ऋण अद्याप फिटलेले नाही.

आता राहतो तो मुलगा की मुलगी हा प्रश्न, ज्याने कोल्हापूर जिल्ह्याला खाली मान घालायला लावली. सम रात्रींच्या समागमाने पुत्र आणि विषम रात्रींच्या समागमाने कन्या होते, शुक्र अधिक असेल तर मुलगा आणि आर्तव अधिक असेल तर मुलगी होते, असे जुन्या ग्रंथांत सांगितले आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत, डॉ. कृष्णाबाई केळवकर यांच्यासारख्या पहिल्या पिढीच्या स्त्रीडॉक्टर कोल्हापुरात आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, रुग्णसेवा करू लागल्या, तेव्हा मुलगा की मुलगी हे कशाने ठरते याचे निश्चित उत्तर जगातील कोणाही वैद्यापाशी नव्हते. ते उत्तर १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेने पिठात होणाऱ्या एका किड्याचे शुक्राणू तपासून दिले : निम्म्या शुक्राणूंत मोठे गुणसूत्र होते आणि निम्म्यांत त्याच जागी लहान. माणसातही तसेच आहे. स्त्रीच्या पेशीत दोन ‘एक्स’ गुणसूत्रे असल्याने प्रत्येक स्त्रीबीजात ‘एक्स’च येते, पुरुषाच्या पेशीत ‘एक्स’ आणि ‘वाय’ असल्याने वृषणात पहिले अर्धसूत्री विभाजन होते त्या क्षणीच शुक्राणूंचे दोन समान गट पडतात. आईच्या खाण्यापिण्याचा, नवसाचा किंवा नशिबाचा या वाटणीशी संबंध नाही. ती वाटणी बापाच्याही इच्छेने होत नाही, म्हणून दोष स्त्रीवरून काढून पुरुषावर ठेवण्यातही अर्थ नाही.

निसर्गतः दर १,००० मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली जन्माला येतात. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर १,००० मुलग्यांमागे ८३९ मुलीच मोजल्या गेल्या; राज्याचा आकडा ९१३ होता. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ साली केला होता, केंद्राचा कायदा १९९४ साली झाला होता, आणि सोनोग्राफीची यंत्रे तरीही बोलत होती. तत्कालीन जिल्हाधिकारी आणि मराठी कथाकार लक्ष्मीकांत देशमुख यांच्या पुढाकाराने २००९ पासून कोल्हापुरात प्रत्येक यंत्राला तपासणीची चित्रे साठवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ उपकरण जोडण्यास सुरुवात झाली. डॉक्टरांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले असता २०११ साली मुंबई उच्च न्यायालयाने ही उपाययोजना उचलून धरली. त्या वर्षीच्या जनगणनेत जिल्ह्याचा आकडा ८६३ वर आला, जो ९५० पासून अद्याप फार दूर होता.

सोनोग्राफीच्या पडद्यावर गर्भाचे लिंग ओळखता येऊ लागते ते साधारणतः तिसरा महिना उलटल्यावर. त्या वेळी पडद्यावरच्या त्या मुलीच्या बीजांडकोशांत, कोणत्याही यंत्राला न दिसता, पहिल्या पेशींनी आपले अर्धसूत्री विभाजन सुरू केलेले असते; आई-बापाकडून आलेली गुणसूत्रे तेथे जोडीजोडीने एकमेकांना चिकटलेली असतात, आणि जे विभाजन तिच्या पंचविशी-तिशीत पुरे व्हायचे, ते त्या सुमारासच आरंभलेले असते.